जळगाव-धुळ्यात गिऱ्हाईक आहे, तरी घरं मागे का पडतात?

केळीबागायत

जळगाव, भुसावळ, धुळे, तिन्हीकडे एकच चित्र दिसतं. शहराबाहेर कुठल्याही रस्त्याने निघा, दर दोनशे पावलांवर "एन.ए. प्लॉट, ताबडतोब खरेदी" असा फलक. आणि शहरात २५-३० हजार पगाराच्या माणसाला राहण्यासारखं, कागद धड असलेलं घर सापडत नाही. एमआयडीसी आहे, मेडिकल कॉलेज झालं, विद्यापीठ आहे, महामार्ग चौपदरी झाला, चोपडा-यावल-पारोळ्याकडून पोरांच्या शाळेसाठी बिऱ्हाडं येताहेत. मागणी आहे म्हणायचं तर घरं का उभी राहात नाहीत? नेमकं कुठे अडतं ते आकड्यांत सांगा. राजकारण नको, ते चौकात रोज ऐकतो.

हिशेबी नाना

आकडेच घ्या. दर उदाहरणासाठी धरलेत, तुमच्या गटाचा दर घालून पुन्हा करा.

एक हेक्टर, म्हणजे १०० आर जमीन. एकरी १ कोटी धरली तर २ कोटी ४७ लाख. ४,००० चौ. मीटरच्या वरच्या ले-आऊटला १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. रस्ते कमीत कमी ९ मीटरचे, लांबी वाढली की १२ मीटरचे. त्यात २५ ते २८ टक्के जातात. विकायला उरतं ६२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६,२०० चौ. मीटर किंवा ६६,७०० चौ. फूट. ३० बाय ५० चे ४४ प्लॉट.

आता जमिनीचा भाव विक्रीयोग्य फुटावर पसरवा: ३७० रुपये. रस्ते, गटार, पाइपलाइन, खांब, ओपन स्पेसचं कंपाउंड मिळून फुटाला २०० धरा. खासगी पैशाचं महिना शेकडा दीड व्याज दोन वर्षं, फक्त जमिनीवर, म्हणजे १३३. झाले ७०३ रुपये. दीड हजार फुटांचा प्लॉट साडेदहा लाखांना घरात पडला. त्यावर मालकाचा नफा घालून साडेबारा लाख.

८०० फुटांचं साधं घर फुटाला १,८०० ने १४ लाख ४० हजार. प्लॉटवर मुद्रांक ६ टक्के, नोंदणी १ टक्का. बेरीज पावणेअठ्ठावीस लाख. पाचवा हिस्सा खिशातून घातला तरी २२ लाखांचं कर्ज उरतं. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं म्हणजे १९ हजारांचा हप्ता. पगाराच्या ४० टक्क्यांपर्यंत हप्ता धरला तर पगार ४७-४८ हजार लागतो.

म्हणजे तुमचा २५-३० हजारवाला या गणितात बसतच नाही. त्याच्या गरजेला बाजार मागणी म्हणत नाही.

आणखी एक. ले-आऊट सहा महिने लांबला की नुसत्या व्याजाने फुटाला ३३ रुपये चढतात, प्लॉटमागे ५० हजार. विलंब फुकट नसतो, तो गिऱ्हाइकाच्या खरेदीखतात लिहिलेला असतो.

क.जा.प.

नानांनी दोन वर्षं धरली. ती कुठे जातात ते सांगतो.

पहिला टप्पा सातबारा साफ करणं. वारस नोंदी, हिस्सेदार, जुना बोजा. मुंबईला गेलेल्या बहिणीचं हक्कसोडपत्र राहिलेलं असतं आणि ते व्यवहाराच्या दिवशी आठवतं. भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर आधी सरकारला नजराणा. कुळकायद्याची जमीन असेल आणि ३२ म प्रमाणपत्राला (कुळाच्या खरेदीच्या दाखल्याला) दहा वर्षं होऊन गेली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट भरून अट निघते. रक्कम किरकोळ, पण फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावरचा शेरा जाईपर्यंत पुढचं टेबल फाईल हातात घेत नाही.

दुसरा, मोजणी. इथे हमखास घोळ. नकाशावरचं क्षेत्र, सातबाऱ्याचं क्षेत्र आणि बांधावरचा कब्जा, तिन्ही वेगळे निघतात. शेजाऱ्याने बांध पाच फूट सरकवलेला असला तर हद्द कायम होईपर्यंत ले-आऊटची रेघ मारता येत नाही.

तिसरा, बिनशेती. अंतिम विकास आराखड्यात रहिवास विभागात असेल तर वेगळी परवानगी लागत नाही, सरकारला ठरलेली रक्कम भरायची. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही नाही. लोक अजून "एन.ए. ऑर्डर दाखवा" म्हणतात, काही बँकाही म्हणतात. मग नसलेल्या कागदासाठी दोन महिने हेलपाटे.

चौथा, तात्पुरतं रेखांकन, म्हणजे ले-आऊटची पहिली मंजुरी. ते मिळालं की जागेवर रस्ते, गटार, वीज, पाणी करायचं, पाहणी होते, मगच अंतिम रेखांकन. अंतिम झाल्यावर भूमी अभिलेखकडे क.जा.प. (कमी-जास्त पत्रक) आणि त्यानंतर प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा.

खरा फटका तात्पुरतं ते अंतिम यामध्ये बसतो. मालकाचे पैसे जमिनीत अडकलेले, विकासाचा खर्च अंगावर. तो तात्पुरत्या नकाशावरच साठेखतं करून टोकन घेतो, त्यातून मुरूम टाकतो, गटार पुढच्या दिवाळीवर ढकलतो. अंतिम होत नाही, स्वतंत्र सातबारा होत नाही, बँक कर्ज देत नाही. ४४ प्लॉट विकले गेले आणि घर एकही नाही, असं शिवार तयार होतं.

पांझराकाठ

मुळात टंचाई आहे हेच मला पटत नाही. धुळ्यात देवपूर भागात चक्कर मारा, तयार फ्लॅटच्या गॅलऱ्यांना कबुतरांच्या जाळ्या, आत दिवा नाही. घरं कमी नाहीत, भलत्याच मापाची आहेत.

हिशेबी नाना

पांझराकाठ भाऊ, अर्धं मान्य. रिकामा फ्लॅट मोजणीत घर असतो, बाजारात नसतो. पुण्याला नोकरी करणाऱ्या पोराने आईबापांसाठी घेऊन ठेवलेला, किंवा सोन्यासारखा ठेव म्हणून घेतलेला. भाड्याने देत नाहीत कारण भाडं गुंतवणुकीच्या दोन-अडीच टक्के सुटतं आणि भाडेकरू निघणार नाही ही धास्ती. लीव्ह अँड लायसन्स नोंदवलं तर मुदत संपल्यावर ताबा मिळवायला भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ ची वेगळी, जलद वाट आहे. पण इथे नुसत्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिने लिहून कपाटात ठेवायची सवय. मग धास्ती खरी ठरते.

मापाबद्दल मात्र कारण नियमात आहे. रेरा (स्थावर संपदा कायदा) नोंदणीतून सुटायचं तर जमीन ५०० चौ. मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठच्या आत. त्यामुळे आपल्याकडे "आठ फ्लॅटची स्कीम" हा प्रकारच रूढ झाला. आठच विकायचे तर मोठे काढा, टू-बीएचके, थ्री-बीएचके, डॉक्टर-व्यापारी गिऱ्हाईक. जागा ५०० मीटरच्या वर असेल आणि तिच्यावर चौदा लहान काढले तर रेरा, ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात, इंजिनीअर-सीएचे दाखले. लहान बिल्डरचं सगळं चाक एका स्कीमच्या पैशावर दुसरी उचलण्यावर चालतं, ते ७० टक्क्यांच्या खात्याने थांबतं. गिऱ्हाइकासाठी नियम चांगला आहे. पण ज्याच्या पाठीशी बँकेचं प्रोजेक्ट कर्ज नाही, तो आठच्या वर जात नाही.

मोठ्या स्कीममध्ये २० टक्के लहान घरं सक्तीची असतात ना, असं कोणी विचारेल. ती अट दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांना. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. आपल्याला लागूच नाही.

मुरूम-माती

बांधकामाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. तापीच्या खोऱ्यात घर महाग पडण्याची सुरुवात जमिनीखाली होते.

इथल्या इंजिनीअरला दोन एफएसआय माहीत पाहिजेत. एक चटई क्षेत्राचा, दुसरा फ्री स्वेल इंडेक्स. दुसरा कोणी विचारत नाही आणि तोच भिंत फोडतो. चाचणी सोपी आहे: ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली कोरडी माती, १० ग्रॅमचे दोन भाग. १०० मिलिच्या दोन काचनळ्या, एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढायची आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलमधली पातळी १० आणि पाण्यातली १७ आली तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या वर गेलं की साधं फुटिंग वरच्या थरात बसवायचं नाही.

मग दोन वाटा. काळी माती सहा-सात फुटांवर संपून मुरूम लागत असेल तर फुटिंग मुरमात उतरवायचं. दहा-बारा फूट गेली तरी काळीच असेल तर अंडर-रीम पाइल: ३०० मिमी खोड, खाली त्याच्या अडीच पट म्हणजे ७५० मिमीचा फुगा, खोली किमान साडेतीन मीटर. वरच्या बीमखाली ७५ ते १०० मिमी पोकळी सोडायची, म्हणजे माती फुगली तरी बीम उचलणार नाही. ही पोकळी मिस्तरी "वाया कशाला" म्हणून बुजवतात. तिथून पुढे पाइलचा खर्च पाण्यात.

सगळ्यात जास्त होणारी चूक याहून साधी. पाया खणताना निघालेली काळी मातीच जोत्यात परत भरतात. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी मधून फुगते, दाराची चौकट अडते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ८०० फुटांच्या घराला अडीच फूट जोतं म्हणजे भरावाला २० ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), दाबल्यावर बसतो म्हणून २५ ब्रास मुरूम मागवा. थर ६ ते ८ इंचांचे, प्रत्येक थराला पाणी मारून दुरमूस. आणि घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का ओटा, म्हणजे भिंतीलगतची माती ओली-सुकी होणार नाही.

केळीबागायत

मुरूम-माती भाऊ, हे सगळं धरून खर्च किती चढतो?

मुरूम-माती

काळी किती खोल आहे यावर आहे, एक आकडा सांगणारा फसवतो. पण पुरवठ्यावर परिणाम वेगळाच होतो. पायाचा खर्च मजल्यांच्या पटीत वाढत नाही. म्हणजे एकमजली छोट्या घराला तो फुटामागे सगळ्यात जड. स्वस्त घरालाच काळी माती जास्त महाग पडते. भो, गरिबाच्या घराला इथे पाया परवडत नाही, छप्पर नंतरची गोष्ट.

लेव्हलट्यूब

वर्षात कामाचे दिवस किती, तेही मोजा. काळ्या मातीत जून ते सप्टेंबर खोदकाम होत नाही. जेसीबी रुततो आणि खड्ड्यात पाणी साचून तळ मऊ होतो. ऑक्टोबरला पाया धरला तर दिवाळीत मजूर नसतो. सातपुड्याकडचे गडी होळीला आठ-पंधरा दिवस जाणार, मग आखाजी (अक्षय्य तृतीया), मग पेरणी. मधले बरेच जण ऊसतोडीला किंवा सुरतेला गेलेले असतात. सुरतेला रोज जास्त मिळतो आणि काम बारमाही, त्यामुळे चांगला सेंट्रिंगवाला आणि बार-बेंडर आधी तिकडे जातो. आपल्याकडे स्लॅबला मिस्तरी एक आणि साइट चार.

स्लॅब हमखास एप्रिल-मेमध्ये येतो. जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५. दुपारी ओतलेलं काँक्रीट तासाभरात वरून सुकतं, आत ओलं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. पहाटे ओतायला घ्या, दहाच्या आत संपवा, वाफे करून पाणी बांधा. पीपीसी सिमेंटला कमीत कमी दहा दिवस क्युरिंग. त्याच महिन्यांत नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणजे क्युरिंगला टँकर. ठेकेदार पाच दिवसांत पाणी बंद करतो आणि कोणी विचारत नाही.

माल: १,००० फुटांना ढोबळमानाने सिमेंट ४०० पोती, लोखंड ४ टन, वाळू १६ ते १८ ब्रास. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्के झाला, तेवढा दिलासा. वाळूचं दुखणं तसंच. २०२३ च्या धोरणात डेपोवर ६०० रुपये ब्रास दर ठरला होता, ती डेपो पद्धत २०२५ मध्ये गेली. पावसाळ्यात उत्खनन बंद, लिलाव लांबले की वाळू नाही, आणि गिरणेची वाळू रात्री वेगळ्या भावाने येते. यावर भरवसा ठेवून कोणी दराचं कोटेशन सहा महिने बांधून देत नाही. सरळ क्रशसँड वापरा. मात्र धुतलेली घ्या आणि मूठ दाबून बघा. हाताला पीठ लागलं तर ती डस्ट आहे, काँक्रीटला चालणार नाही.

वाघूरपाणी

नानांच्या ४४ प्लॉटना पाणी किती लागेल? माणशी १३५ लिटर हा गटारयोजना असलेल्या शहराचा निकष, घरात पाच माणसं, म्हणजे ६७५ लिटर. गुणिले ४४, रोज २९,७०० लिटर. एका ले-आऊटचं. जळगाव वाघूर धरणावर, भुसावळ तापीवर, धुळे तापी आणि नकाणे तलावावर. धरणात पाणी असतं, पण हद्दीवरच्या वस्तीपर्यंत मुख्य वाहिनी आणि उंच टाकी नसते. योजनेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे काढलेली, कारण २०२१ ची झालीच नाही. वस्ती कुठल्या बाजूला वाढली हे त्या अंदाजात नसतं.

मग प्रत्येक जण बोअर घेतो, ३००-४०० फूट, मार्चनंतर कोरडा.

सांडपाण्याचं याहून वाईट. भुयारी गटार नाही म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. काळ्या मातीत शोषखड्डा शोषत नाही. पहिल्या वर्षी भेगांतून पाणी जातं, लोकांना वाटतं चालतोय. माती फुगून भेगा बंद झाल्या की तुंबतो. ते पाणी उघड्या गटारात, गटार ओपन स्पेसमध्ये. मुरूम-माती भाऊंनी सांगितलेला पाया शेजारच्याच्या शोषखड्ड्याने बारा महिने भिजत राहतो. खड्डा मुरमाच्या थरापर्यंत नेला आणि पायापासून पंधरा-वीस फूट लांब ठेवला तर निभतं. ३० बाय ५० च्या प्लॉटमध्ये वीस फूट आणायचे कुठून, ते विचारू नका.

विजेला डीपी (ट्रान्सफॉर्मर) मालकाने स्वतः बसवायची, महावितरणला १.३ टक्के सुपरव्हिजन भरून. हे अंदाजपत्रकात कोणी धरत नाही आणि खांब उभे राहतात ते तारेशिवाय.

सातपुडा_उतार

नंदुरबारचं गणित वेगळं आहे, तेही लिहा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला ३६ आणि ३६-अ खाली परवानगीशिवाय जात नाही. नियम हवाच, तो नसता तर नवापूर-धडगावच्या लोकांकडे गुंठा उरला नसता. पण परिणाम असा की शहरालगत विकता येणाऱ्या मोजक्या गटांवर सगळ्यांची उडी. जिल्हा १९९८ मध्ये झाला, कार्यालयं आली, कर्मचारी आले, मेडिकल कॉलेज आलं. विकाऊ जमीन तेवढीच.

उधना रिटर्न

सुरतमध्ये पत्ता सांगताना लोक टी.पी. नंबर सांगतात. नगररचना योजना: पन्नास-साठ शेतकऱ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते, शाळा, बाग यांची जागा काढून उरलेली प्रत्येकाला चौकोनी प्लॉट करून परत. आधी रस्ता, मग घर. खान्देशातली अर्धी माणसं लिंबायत-उधन्यात ते बघून आलीत. इकडे का होत नाही?

क.जा.प.

कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम १९६६, कलम ५९ पासून पुढे. अडतं ते महापालिकेच्या ताकदीवर. टी.पी. करायला भूमापक, नगर रचनाकार आणि मुख्य म्हणजे रस्त्याला लागणारा पैसा आधी लागतो. आपल्या दोन्ही महापालिका २००३ च्या. मोठा पैसा पगार आणि जुनी देणी यांत जातो. आराखड्यात आरक्षण टाकणं फुकट आहे, म्हणून तेच होतं. दहा वर्षांत संपादन झालं नाही की मालक कलम १२७ ची नोटीस देतो, चोवीस महिन्यांत काही हाललं नाही की आरक्षण उडतं. मधली बारा वर्षं त्या जमिनीवर ना बाग, ना घर.

आणि मधल्या काळात तिच्या शेजारी गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले तुकडे. प्रमाणभूत क्षेत्र २०२३ पासून जिरायत २० गुंठे, बागायत १०. त्याखालचा तुकडा विकायचा नाही, हे २०२५ पर्यंत शहरालगतही लागू होतं. तरी पाच जण मिळून एक खरेदीखत करायचे आणि आत चुना मारून वाटून घ्यायचे. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात नियमित होण्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. प्रत्येक मुदतवाढीने पुढच्या तुकडे पाडणाऱ्याला एकच निरोप मिळतो. पण कबूल करायला हवं, २५ हजारवाल्याला एमआयडीसीच्या सायकल अंतरावर खोली दिली ती याच वस्त्यांनी.

पांझराकाठ

मग रिकाम्या प्लॉटवर जबर कर लावा ना. गाजरगवत वाढतंय नुसतं.

हिशेबी नाना

मोकळ्या जागेचा कर आजही आहे, पण तो इतका किरकोळ की पावती फाडायला जाण्याचं पेट्रोल जास्त. केळीचा किंवा कापसाचा पैसा, महामार्गाचा मोबदला, सगळा प्लॉटमध्ये जातो. विकताना बांधलेल्या घरापेक्षा मोकळा प्लॉट लवकर जातो. घराला घसारा, दुरुस्ती, भाडेकरू. मालकाच्या जागी बसून बघा, बांधायचं कारणच नाही. कर वाढवायचा तर फक्त अंतिम रेखांकन, पाणी आणि रस्ता असलेल्या प्लॉटवर, खरेदीला तीन वर्षं झाल्यावर. पाणी न देता कर लावला तर सगळे कोर्टात.

दुसरं, ३० बाय ५० चा हट्ट सोडा. त्याच ७०३ रुपयांनी ६०० फुटांचा प्लॉट सव्वाचार लाखांत पडतो. ४५० फूट घर आठ लाख. २५ हजारवाला इथे हिशेबात येतो, आणि पात्र असेल तर स्वतः बांधण्याच्या घटकातलं प्रधानमंत्री आवासचं अडीच लाखांचं अनुदान मिळतं. पण त्याला प्लॉटचा स्वतःच्या नावाचा, स्वच्छ सातबारा लागतो. म्हणजे परत क.जा.प. साहेबांच्या टेबलावर.

केळीबागायत

शेवटचं एक. जुन्या पेठेत पडके वाडे भरपूर आहेत, पाणी-गटार आहे. तिथे चार मजले का चढत नाहीत?

क.जा.प.

रस्त्याची रुंदी. २०२० च्या एकत्रित नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ चटई क्षेत्राच्या वर काही चढवता येत नाही: प्रीमियम भरून नाही, टीडीआर म्हणजे दुसरीकडचा विकास हक्क आणूनही नाही. पेठेतली गल्ली चार-पाच मीटर. त्यात वाड्याला अकरा वारस, दोन जुने भाडेकरू, आणि तळमजल्यावर दुकान ज्याचं भाडं महिना दीडशे रुपये. मोजणीचा अर्ज करायचा तर अकरा सह्या. आमच्याकडे फाईल येते ती सात सह्यांची.